ॲस्पॅराजिनेजचा संगणकीय अभ्यास

ॲस्पॅराजिनेज म्हणजे ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाचे ॲस्पार्टेट आणि अमोनियात विघटन करणारे जिवाणूंचे विकर (एन्झाइम). तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातील पेशींना ॲस्पॅराजिन स्वतः पुरेसे बनवता येत नाही. रक्तातला साठा तुटला की त्यांची उपासमार होते. परळच्या टाटा रुग्णालयात या आजाराच्या मुलांवर उपचार होतात आणि त्या उपचारात हे औषध मोलाचे आहे. त्यामुळे मुंबईच्या विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही.

ठाणे खाडीच्या चिखलातून मिळालेल्या जिवाणूच्या विकराचा क्रम (अमिनो आम्लांची रांग) हाती असला, तरी तुलनेला ई. कोलाय या जिवाणूच्या विकराचा दुसरा प्रकार घ्यावा (प्रथिनांच्या युनिप्रॉट या माहितीसाठ्यात पी००८०५). ब्लास्ट या क्रम जुळवणाऱ्या साधनात पहिला प्रकारही वर येतो. तो पेशीद्रवात राहतो, ॲस्पॅराजिनला सैल धरतो आणि औषध म्हणून निरुपयोगी ठरतो. ‘टीजीजीटीआय’ हा पाच अमिनो आम्लांचा तुकडा दोन्हींत सापडतो, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीद्रवाबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा) आहे का ते सिग्नलपी या साधनावर पाहावे.

सर्वाधिक चुका क्रमांकनात होतात. युनिप्रॉटमधील साखळी ३४८ अमिनो आम्लांची आहे. पहिली २२ सिग्नल पेप्टाइडची. ती कापली जाऊन ३२६ उरतात. शोधनिबंधांतले थ्रिओनिन १२ म्हणजे युनिप्रॉटमधले ३४, आणि ८९ म्हणजे १११. न कापलेली साखळी प्रोटपॅरम या गुणधर्म मोजणाऱ्या साधनाला दिली, तर रेणुभार आणि समविद्युत बिंदू दोन्ही चुकतात.

रचनेसाठी प्रथिनरचनांच्या पीडीबी या साठ्यातली १९९३ची स्फटिकरचना ३ईसीए उघडावी. विकर चार उपएककांचे आहे आणि प्रत्येक क्रियास्थान दोन उपएककांच्या सांध्यावर आहे: थ्रिओनिन १२ व ८९ एका साखळीचे, ग्लुटामेट २८३ शेजारणीचे. रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डच्या एकट्या साखळीवर डॉकिंग केले (म्हणजे छोटा रेणू खळगीत संगणकावर बसवून पाहिला), तर अर्धवट खळगीचेच गुण हाती येतात. प्रतिमान चार साखळ्या देऊनच करावे.

डॉकिंगआधी ३ईसीएमधला ॲस्पार्टेट काढून पुन्हा बसवून पाहावा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमहून दूर गेला, तर पेटीची (रेणू जिथे शोधायचा त्या चौकटीची) जागा किंवा प्रोटॉन तपासावेत. ॲस्पॅराजिन द्विध्रुवी आयन म्हणून द्यावे: अमिनो गट धन, कार्बॉक्सिल ऋण. त्यात हायड्रोजन सोडून अवघे ९ अणू आहेत, म्हणून व्हिना या डॉकिंगच्या साधनाचे गुण कमीच येतात. मोठ्या रेणूशी त्यांची तुलना व्यर्थ आहे.

ग्लुटामिन हे दुसरे अमिनो आम्लही तोडण्याची या विकराची सवय औषधाच्या दुष्परिणामांशी जोडली जाते. ॲस्पॅराजिन व ग्लुटामिन यांच्या डॉकिंगच्या गुणांतला फरक इतका थोडा असतो, की विकराची निवड अमोनिया ओळखणाऱ्या नेसलर अभिकर्मकाने सुटलेला अमोनिया मोजूनच ठरवावी.