शासकीय ई-सेवांचा सातत्यपूर्ण वापर

शासनाची एखादी सेवा एकदा ऑनलाइन घेतल्यानंतर पुढच्या कामासाठीही नागरिकाने आपण होऊन तोच मार्ग धरणे. प्रथम स्वीकार व सातत्य या दोन वेगळ्या अवस्था मानल्या जातात. पहिलीत उत्सुकता किंवा सक्ती पुरेशी ठरते, दुसरीत अनुभव निर्णायक असतो.

संकल्पनेचा उगम सामान्यतः ग्राहकसमाधानाच्या अभ्यासात शोधला जातो. आधीची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या ताळमेळावर समाधान ठरते, अशी मांडणी रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये केली. तिचाच आधार घेऊन अनॉल भट्टाचर्जी यांनी २००१ मध्ये ऑनलाइन बँकिंगच्या ग्राहकांची पाहणी केली आणि अपेक्षापूर्ती, जाणवलेली उपयुक्तता व समाधान या तीन घटकांतून वापर चालू ठेवण्याचा इरादा घडतो, असे दाखवले. एव्हरेट रॉजर्स यांच्या नवकल्पना-प्रसाराच्या सिद्धांतातही स्वीकारानंतरच्या त्यागाचा विचार असल्याने मूळ तेथे मानण्याकडे काहींचा कल आहे. तथापि सातत्याची कारणे मोजण्याची चौकट ऑलिव्हर-भट्टाचर्जी परंपरेने पुरवली, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे मांडताना फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये उपयुक्ततेबरोबर सुलभतेलाही महत्त्व दिले; मात्र वापर अंगवळणी पडल्यावर सुलभतेचा प्रभाव ओसरतो, असे मानले जाते.

ही चौकट शासनाला जशीच्या तशी लावणे अवघड आहे. असमाधानी खातेदार बँक बदलू शकतो. सातबारा देणारे शासन मात्र एकच. त्यामुळे पुन्हा केलेला वापर हा समाधानाचा पुरावा ठरत नाही, आणि इरादा म्हणजे प्रत्यक्ष वापर नव्हे, हा आक्षेपही येथे अधिक तीव्र होतो.

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. १५ रुपये भरून काढलेल्या या उताऱ्यावर तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. पीककर्जासाठी तो घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला ‘सही-शिक्क्याचा आणा’ असे बँकेच्या खिडकीवर ऐकावे लागले, तर पुढल्या खेपेस तो पुन्हा तलाठी कार्यालयच गाठतो. त्यावरचा पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून उतारा तिथल्या तिथे स्वीकारला गेला, तर घरूनच काढतो. संकेतस्थळाची मांडणी यात दुय्यम ठरते. उतारा आपले सरकार सेवा केंद्रातून काढून घेतला असल्यास वापर केंद्रचालकाच्या खात्यावर नोंदला जाऊ शकतो आणि शेतकऱ्याचे सातत्य आकडेवारीत दिसत नाही.