चोळायचं की नाही?

इंजेक्शन झालं की कापूस दाबून ती जागा चोळायची, ही आपली जुनी सवय. 'अंतरा'चं इंजेक्शन दिल्यावर मात्र सिस्टर बजावतात, "चोळू नका, शेकूही नका."

2017 पासून सरकारी दवाखान्यांत मिळू लागलेल्या या गर्भनिरोधक इंजेक्शनात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या बाईच्या शरीरातल्या संप्रेरकाचं कारखान्यात घडवलेलं भावंड. स्नायूत द्यायच्या इंजेक्शनात ते 150 मिलिग्रॅम असतं. औषधाचे बारीक कण पाण्यात विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात. म्हणून सुईत भरण्याआधी बाटली नीट हलवायची. हे कण स्नायूत बसून तीन महिने हळूहळू विरघळतात. चोळलं तर औषध भराभर रक्तात जातं आणि असर मुदतीआधीच ओसरू शकतो.

खुद्द प्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनची तऱ्हा निराळी. बीज बाहेर पडल्यावर अंडाशयात जो पीतपिंड उरतो, तो हे संप्रेरक तयार करतो आणि गर्भपिशवीचं अस्तर गर्भासाठी मऊ, जाड ठेवतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात ते बाहेरून द्यावं लागतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात मिसळतात. तेल दाट, त्यामुळे सुई जाड, कुल्ल्यात खोल आणि सावकाश द्यायची. अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आधी मुठीत धरून कोमट केली की तेल जरा पातळ होतं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे, नाहीतर गाठी येतात. इथे नंतर कोमट शेक चालतो. आधी एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा : तिळाची, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? दाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्या लोकांना तो गमतीचा वाटतो, पण तो गमतीचा नाही.

हेच औषध कॅप्सूलमधून पोटात गेलं की यकृत त्याचा मोठा भाग मोडतं. त्यातून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' यंत्रणेला जोर देतो. म्हणून झोप येते, गरगरतं. (हाच पदार्थ पुढे औषध झाला; बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी अमेरिकेत 2019 मध्ये त्याला मान्यता मिळाली.) तेव्हा तोंडाने घ्यायची कॅप्सूल रात्री झोपताना, आणि मध्येच उठायचं झालं तर पलंगाचा आधार घेऊन. योनीमार्गात ठेवली तर औषध थेट गर्भपिशवीला पोहोचतं आणि गुंगी कमी येते. चिठ्ठीवर नुसतं 'कॅप्सूल' लिहिलेलं असेल तर कुठून घ्यायची, हे सिस्टरने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

'अंतरा' सोडून देण्याचं मोठं कारण म्हणजे बिघडलेली पाळी. आधी अधूनमधून डाग, मग पाळी बंद. "घाण आत साचतेय," ही भीती बायका आपसात बोलतात, दवाखान्यात नाही. साचत काहीच नाही. अस्तर पातळ राहतं, मग बाहेर पडायला उरतं काय? शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, हेही पहिल्याच भेटीत सांगावं. वर्षभरात मूल हवं असलेल्या बाईला नंतर हे कळणं, हा अन्याय आहे.

आता गणपती-गौरींच्या तोंडावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नेली जाणारी, पाळी पुढे ढकलायची गोळी. ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचं असंच आणखी एक भावंड, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. देवाला पाळीचं काय वावडं, हा वाद बाजूला ठेवू. शरीरात या गोळीचा थोडा भाग इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवू शकतो. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार आहे, अंगावरून रक्त जाण्याचं कारण कळलेलं नाही, त्यांनी ती परस्पर घेऊच नये. गोळ्या चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा एकाएकी अंधुक दिसू लागलं, तर आरती होईपर्यंत थांबायचं नाही.