सालीखाली दडलेले डोळे

मे महिन्यात कोकणात घरी गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "परसातला तो हापूस वांझ झालाय, तोडून टाका." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. आंब्याच्या झाडाला चाळीस-पन्नास हे काही मोठं वय नाही. झाड वांझ झालेलं नसतं, ते अंधारात अडकलेलं असतं.

आंब्याचा मोहोर येतो तो पक्व झालेल्या काडीच्या शेंड्याला, आणि त्या काडीला ऊन मिळालेलं असावं लागतं. वर्षानुवर्षं न छाटलेल्या झाडात फांद्या एकमेकींत घुसतात, ऊन आत पोचत नाही. पानं उरतात ती फक्त वरच्या छत्रीवर. मग चार फळं धरलीच तर तीही वानरांच्या उंचीवर!

उपाय छाटणीचा. पण जाड, काळ्या, पानाचा मागमूस नसलेल्या फांदीतून पालवी येते तरी कशी?

शेंडा खुडला की रोप फुटतं, हे तुळस लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 1933 मध्ये थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाकला या शेंगभाजीच्या रोपाचा शेंडा कापला आणि कापलेल्या जागी ऑक्सिन हे संप्रेरक लावलं. खालचे डोळे, म्हणजे खोडावरचे न उमललेले कोंब, फुटलेच नाहीत. म्हणजे शेंडा ऑक्सिन खाली पाठवून डोळ्यांना झोपवून ठेवतो. गंमत पुढेच आहे. हे ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही, ते खोडातून सरळ खाली जातं! मग डोळा थांबतो कसा? एक स्पष्टीकरण असं: वाढायला लागायचं तर डोळ्याला स्वतःचं ऑक्सिन खोडात सोडावं लागतं. पण खोडाचा पाट आधीच भरून वाहत असेल, तर बाजूचा चर त्यात रिकामा होणार कसा? शिवाय ऑक्सिनमुळे खोडातलं सायटोकायनिन, म्हणजे डोळा फोडणारं संप्रेरक, कमी होतं आणि फुटवे रोखणारं स्ट्रिगोलॅक्टोन वाढतं. स्ट्रिगोलॅक्टोनचं हे काम तर 2008 मध्ये उमगलं.

2014 मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांनी आणखी एक धक्का दिला. ऑक्सिन तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकतं, पण शेंडा कापल्यावर लांबचे डोळे ऑक्सिन आटल्याची खबर पोचण्याआधीच हलू लागतात. त्यांना जागं करते ती साखर. शेंडा तिचा मोठा गिऱ्हाईक; तो गेला की ती डोळ्यांकडे वळते. वाटाण्याचं सगळं आंब्याला जसंच्या तसं लागू होत नाही. पण आंब्याच्या जुन्या सालीखालीही सुप्त डोळे असतात, आणि वरचा भार उतरला की तेच फुटतात.

आमच्या परसात पाऊस सरल्यावर मधली उभी फांदी काढली, म्हणजे पोटात ऊन पडावं. सगळं झाड एकदम बोडकं करू नये. उघड्या पडलेल्या सालीला उन्हाचा चटका बसतो. बांडगूळ होतं, ते फांदीसकट कापलं. नुसतं ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं. बुंध्याशी भुसा सांडलेला दिसला. भोकात तार घालून ओढली, तर बोटाएवढी पांढरी अळी निघाली, खोडकिड्याची. कापलेल्या जागांवर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावला: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकत्र केले, मिळून 10 लिटर पाण्यात. बादली प्लास्टिकचीच घ्यावी, मोरचूद लोखंड खातं.

खोडात खिळे ठोकले की झाड धरतं, असं सांगणारे शेजारी भेटतातच. खिळ्याने मिळते ती जखम, आणि जखमेतून आत जाते बुरशी. नजर लागली म्हणून बिब्बा बांधणाऱ्यांनी आधी बुंध्याशी वाकून भुसा पाहावा. मोहोरासाठी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे पालवीची वाढ रोखणारं रसायन, बुंध्याशी ओता, असा सल्लाही सर्रास दिला जातो. ते सशक्त झाडासाठी आहे. खंगलेल्या झाडाला आधी शेणखत आणि ऊन द्यावं.

महिनाभराने काळ्या सालीला एक भेग दिसली आणि तिच्यात मोहरीएवढा तांबूस ठिपका. आठ दिवसांत तिथे पालवीचा झुबकाच आला. त्यातले बाहेरच्या बाजूला झुकलेले दोन-तीन फुटवे ठेवले, बाकीचे हाताने मोडले. सगळे ठेवले तर पुन्हा तीच दाटी. मोहोराला आणखी दोनेक वर्षं लागतील. सध्या पानं तांबूस आहेत, आणि सकाळचं ऊन पहिल्यांदाच बुंध्यापर्यंत येतंय.