फुट्सक्रेचा फेब्रुवारी : संघनिवडीच्या वादाची पार्श्वभूमी

फेब्रुवारीतली सकाळ. उत्तरेकडून गरम वारा सुटलाय आणि मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या व्हिटन ओव्हलवर दीड-दोनशे माणसं कुंपणाला टेकून उभी आहेत. तिकीट नाही, समालोचन नाही. वेस्टर्न बुलडॉग्ज हा क्लब आपल्याच खेळाडूंचे दोन गट पाडून आपसात खेळतोय. पलीकडून लोकल गाडी जाते, तेवढ्यापुरतं कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी गेली की पुन्हा तेच : "त्याला दुसऱ्या गटात टाकलंय म्हणजे पहिल्या सामन्यात तो नाही." "तसं काही नाही, कोच मुद्दाम मिसळून बघतोय." "मग तीन उंच फॉरवर्ड एकत्र खेळवणार? आणि बॉल खाली पडल्यावर उचलणार कोण?"

या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटवर, भारतीय किराणा आणि खाणावळींची रांग आहे. मी इथे राहायला आलो तो त्या रस्त्यामुळे. मैदानावर मात्र मला शेजारच्या घरातले निवृत्त आजोबा घेऊन गेले. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि पुढे मी स्वतः वाचून जमवलेलं इथे मांडतोय. मार्चमध्ये हंगाम उजाडायच्या आधी इतकी माणसं इतक्या पोटतिडकीने संघ का ठरवत बसतात, हे नुसता खेळ बघून कळत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल क्रिकेटच्या अंडाकृती मैदानावर खेळतात, एका बाजूला अठरा जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून बॉल लाथेने पाठवला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. या खेळाचा जन्मच क्रिकेटच्या पोटी झाला. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नावाजलेला क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असं पत्र त्याने १८५८ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्राला लिहिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात मेलबर्न क्लबचे नियम कागदावर उतरले. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला पाठ असलेलं एमसीजी हेच आजही या खेळाच्या अंतिम सामन्याचं घर आहे.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीग १८९७ मध्ये आठ क्लबांनिशी सुरू झाली. फुट्सक्रे (वेस्टर्न बुलडॉग्जचं जुनं नाव) तिच्यात आलं १९२५ साली, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्नबरोबर. क्लब म्हणजे वस्ती आणि वस्ती म्हणजे क्लब, असा तो काळ. १९१५ पासून शहरातल्या खेळाडूंसाठी हद्दी आखलेल्या होत्या. तुम्ही कोणत्या गल्लीत राहता त्यावर तुम्ही कोणत्या क्लबचे, हे ठरायचं. पैशांची ओढ लागू नये म्हणून १९३० साली कूल्टर नियम आला आणि सामन्यामागे जास्तीत जास्त तीन पौंड अशी मर्यादा पडली. त्यामुळे खेळाडू दिवसभर कुठेतरी नोकरी करायचा आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सरावाला यायचा. संघ गुरुवारी रात्री जाहीर होण्याची प्रथा इथून आली. सराव संपला की निवड समिती बसायची, मग रेडिओवर नावं यायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायची.

ती नावं छापायचीही एक ठरलेली पद्धत होती. तीन-तीन नावांच्या सहा ओळी : मागची फळी, अर्धी मागची, मध्य, अर्धी पुढची, पुढची आणि शेवटची ओळ बॉलमागे मैदानभर धावणाऱ्यांची. त्यात रक म्हणजे पंचाने वर उडवलेल्या बॉलवर झेपावणारा उंच गडी आणि रोव्हर म्हणजे खाली पडलेला बॉल टिपणारा चपळ गडी. त्याखाली राखीव. १९३० मध्ये एक राखीव खेळाडू मिळाला, १९४६ मध्ये दुसरा. एकदा बाहेर गेलेला माणूस परत येऊ शकत नसे. आत-बाहेर करण्याची मुभा १९७८ ला आली. सहा ओळींचा हा तक्ता इथल्या घराघरांत मुखोद्गत आहे. प्रत्येक चाहता मनातल्या मनात तोच भरत असतो.

हंगाम एप्रिलमध्ये सुरू व्हायचा आणि त्याआधीचे आठवडे सरावसामन्यांचे. खरी निवड त्या सामन्यांतच व्हायची, तीही लोकांच्या डोळ्यांसमोर. गावाकडून आलेली पोरं, शेजारच्या ज्युनिअर क्लबातली पोरं, गेल्या वर्षीचे थकलेले बुजुर्ग, सगळे एकाच गवतावर उतरायचे आणि हंगाम तोंडावर आला की यादी छाटली जायची. कुंपणाशी उभ्या माणसाला त्या पोराचा बाप माहीत असायचा, तो कोणत्या कारखान्यात आहे हेही माहीत असायचं. टेड व्हिटन, ज्याचं नाव या मैदानाला १९९५ मध्ये दिलं गेलं, तो याच पश्चिम भागातला. १९५४ मध्ये चार्ली सटन कर्णधार आणि कोच अशा दोन्ही भूमिकांत असताना फुट्सक्रेने पहिलं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा तो त्या संघात होता. प्रेक्षकाचं मत ऐकलं जायचं असं नाही, पण माहिती त्याच्याकडे समितीइतकीच असायची. निवडीवर बोलण्याचा हक्क आपला आहे ही भावना इथली आहे, आणि मला ती पूर्णपणे रास्त वाटते.

साठच्या दशकाच्या अखेरीस राज्याचा ग्रामीण भागही क्लबांमध्ये वाटला गेला. ज्याच्या वाट्याला कसदार मुलूख आला त्याची चांदी झाली. मॉर्निंग्टन द्वीपकल्पाकडचा भाग हॉथॉर्नला मिळाला आणि तिथून आलेल्या ली मॅथ्यूजसारख्या खेळाडूंच्या जोरावर त्यांनी सत्तरच्या दशकात तीन अजिंक्यपदं घेतली. फुट्सक्रेला ट्रॅराल्गनहून बर्नी क्विनलन आणि केल्विन टेम्पल्टन मिळाले. दोघेही पुढे ब्राउनलो पदकाचे, म्हणजे लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या पदकाचे, मानकरी झाले. पण क्विनलनला ते मिळालं तोवर तो फिट्झरॉय क्लबकडे गेलेला होता. चांगला खेळाडू घडवायचा आणि तो दुसऱ्याने न्यायचा, हे दुखणं फुट्सक्रेच्या माणसाला जुनं आहे.

मग एकामागून एक बदल आले. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न हा क्लब सिडनीला गेला. १९८५ पासून पगारावर एकत्रित मर्यादा आली. १९८६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे देशभरातल्या होतकरू खेळाडूंची नावं एकत्र करायची आणि क्लबांनी पाळीपाळीने उचलायची, तळाच्या क्लबाला पहिली पाळी. हद्दी संपल्या. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे क्लब आले, १९९० मध्ये लीगचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं. आता फुट्सक्रेच्या जर्सीत उतरणारा पोरगा पर्थचा असेल नाहीतर ॲडलेडचा. फेब्रुवारीतल्या आपसातल्या सामन्यात चाहता त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघतो.

याच धामधुमीत १९८९ चा ऑक्टोबर आला. कर्जात बुडालेलं फुट्सक्रे फिट्झरॉयमध्ये विलीन होणार, असं लीगने जाहीर केलं. हंगाम संपला होता, खेळाडू पांगले होते. आयरीन चॅटफिल्ड या क्लबच्या एका सदस्य चाहतीच्या नावाने व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दावा गेला आणि सुमारे तीन आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात पंधरा लाख डॉलर उभे करायचे होते. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने पुढाकार घेतला आणि लोक डबे घेऊन दारोदार, दुकानोदुकानी फिरले. शेजारच्या आजोबांकडे त्या वेळचा एक पत्र्याचा डबा अजून आहे. झाकणाला वर्गणी टाकायची चीर पाडलेली, बाजूचा लाल-पांढरा-निळा कागद उन्हाने फिका पडलेला. आता त्यात ते खिळे ठेवतात. तो डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "क्लब आम्ही विकत घेतलाय, तो पण सुट्या पैशांनी." पैसे जमले, विलीनीकरण रद्द झालं. फिट्झरॉय मात्र १९९६ अखेर ब्रिस्बेनमध्ये मिसळून गेलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं बूड १९८९ मध्ये आहे. मालकाने पैसा ओतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असा हा क्लब नाही. ज्यांनी डबे फिरवले त्यांना, त्यांच्या मुलांना आणि आता नातवंडांना "निवड हे तुमचं काम नाही" असं कोण सांगणार?

हंगामपूर्व स्पर्धेची कथा वेगळी आहे आणि तिला फार वेळ द्यावा अशी नाही. १९५६ मध्ये लेक ओव्हलवर दिव्यांच्या उजेडात रात्रीची स्पर्धा सुरू झाली, ती अंतिम फेऱ्या हुकलेल्या संघांसाठी, म्हणजे हंगामाच्या शेवटी. फुट्सक्रेने ती चारदा जिंकली. १९८८ पासून ही रात्रीची स्पर्धा हंगामाच्या आधी आली आणि प्रायोजक बदलतील तसं तिचं नाव बदलत गेलं. नवे नियम तिथेच तपासले जायचे. २००३ मध्ये पन्नास मीटरबाहेरून मारलेल्या गोलला नऊ गुणही दिले गेले. त्या कपावरून काही ताडता यायचं का? २००० मध्ये एसेन्डनने कप जिंकला आणि पुढे वर्षभरात एकच सामना हरून अजिंक्यपदही नेलं. २००५ मध्ये कार्लटनने कप जिंकला आणि हंगामात शेवटचा क्रमांक गाठला. बुलडॉग्जनी २०१० मध्ये सेंट किल्डाला हरवून कप उचलला आणि त्याच वर्षी उपांत्य फेरीत त्याच सेंट किल्डाकडून हरले. २०१३ नंतर कप बंद झाला. आता मार्चच्या तोंडावर प्रत्येक क्लब एक-दोन सामने खेळतो, तेही जपून. जपण्याला कारण आहे : २०१५ मध्ये अशाच एका सामन्यात टॉम लिबरेटोरचा गुडघा गेला आणि त्याचं सबंध वर्ष बुडालं.

कप गेला तसा वाद आणखी वाढला. गुणफलकाला अर्थ उरला नाही, म्हणून सगळं लक्ष कोण कुठे खेळतोय याकडे लागलं. १९९८ पासून आत-बाहेर करणारे चार, म्हणजे संघ बावीसचा. २०२३ पासून तेवीसचा. "बेस्ट बावीस" हा शब्द इथे "बेस्ट तेवीस" झाला. क्लबच्या यादीत मात्र चाळिसाहून जास्त नावं असतात. उरलेले दुय्यम संघात जातात. बुलडॉग्जनी २०१४ पासून तो संघ पुन्हा फुट्सक्रे या जुन्या नावाने स्वतःचा उभा केला आणि पहिल्याच वर्षी त्याने राज्याच्या लीगचं अजिंक्यपद घेतलं. शनिवारी त्याचे सामने बघायला जाणारा चाहता पुन्हा जुन्या सरावसामन्यांच्या प्रेक्षकासारखा झाला आहे. कोण तयार आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

त्यातच कोच ल्यूक बेव्हरिज. २०१५ च्या हंगामापासून संघ त्याच्या हाती आहे आणि कोणाला कुठे खेळवेल याचा नेम नाही. लियम पिकन वर्षानुवर्षं प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला चिकटून राहणारा गडी होता. बेव्हरिजने त्याला पुढे खेळवलं आणि २०१६ च्या अंतिम फेऱ्यांत तो गोल करत सुटला. त्या वर्षी कर्णधार बॉब मर्फीचा गुडघा तिसऱ्याच फेरीत गेला होता, संघ सातव्या क्रमांकावरून अंतिम फेऱ्यांत शिरला होता. शेवटी सिडनीला २२ गुणांनी हरवून बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद आलं. कोचला मिळणारं पदक बेव्हरिजने तिथेच मर्फीच्या गळ्यात घातलं. त्या संघात पिकन, डेल मॉरिस, मॅथ्यू बॉइड, ल्यूक डालहाउस आणि जेसन जोहानिसन हे पाच जण मुख्य ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेले, नंतरच्या रूकी ड्राफ्टमधून आलेले. जोहानिसन तर अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून फेब्रुवारीत कुंपणाशी उभा असलेला माणूस यादीच्या तळातल्या पोराकडे निरखून बघतो. त्याने तळातून वर आलेले पाहिलेत.

आणि वरून तळाला गेलेलेही. कॅलब डॅनियल १६८ सेंटिमीटर उंचीचा, डोक्यावर हेल्मेट घालून खेळणारा, लाथेचा अचूक. जॅक मॅक्रे तीनदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात निवडला गेलेला. दोघेही २०१६ च्या विजेत्या संघातले. २०२४ मध्ये दोघांनाही दुय्यम संघात खेळावं लागलं आणि वर्षअखेर डॅनियल नॉर्थ मेलबर्नला, मॅक्रे सेंट किल्डाला गेला. त्या निर्णयावरून या वस्तीत घराघरांत दोन तट पडले. मी मॅक्रेच्या बाजूचा. आजोबा म्हणतात, पाय मंदावले होते, कोच बरोबर होता. हा विषय निघाला की त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरात निघून जातात.

सॅम डार्सीवर मात्र आमचं एकमत आहे. बापाच्या क्लबात मुलाला जाता यावं हा नियम चाळीसच्या दशकाच्या शेवटी आला आणि दुसऱ्या महायुद्धात तोब्रुकला मारल्या गेलेल्या खेळाडूचा मुलगा रॉन बरासी त्याच नियमाने मेलबर्नकडून खेळला. ड्राफ्टच्या काळातही तो नियम टिकला. सॅम २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर या नियमाने आला. बाप ल्यूक इथला, आजोबा डेव्हिडही इथलेच. त्याच्याकडे बघताना शेजारच्या आजोबांना आधीच्या दोघांची उडी आठवते, आणि कुंपणाशी उभं राहून ते मला ती हातवारे करून दाखवतात.

आपसातला सामना संपल्यावर आम्ही बार्कली स्ट्रीटवर चहाला थांबलो. त्यांनी खिशातून विजेच्या बिलाचं पाकीट काढलं, पाठीवर तीन-तीनच्या सहा ओळी आखल्या आणि पेन्सिलने नावं भरायला लागले. मागची फळी झरझर झाली. पुढच्या फळीत एक नाव लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. रकच्या जागेपाशी पेन्सिल थांबली. पाकीट त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"इथे तू कोणाला घेशील?"