पार्श्वभूमी : पुनर्वन्यीकरण आणि कुंपणाचा प्रश्न

संरक्षित क्षेत्राची हद्द आखायची, आत जे उरले आहे ते जपायचे आणि बाहेरून होणारी हानी रोखायची, ही विसाव्या शतकातील निसर्गसंवर्धनाची सर्वसाधारण रीत होती. पुनर्वन्यीकरण, म्हणजेच ‘रीवाइल्डिंग’, याच्या पुढे जाते. एखाद्या भूभागातून नाहीसे झालेले प्राणी आणि थांबलेल्या नैसर्गिक प्रक्रिया परत आणायच्या आणि त्यानंतर माणसाने शक्य तितका हात आखडता घ्यायचा, अशी ही भूमिका आहे. हा शब्द १९९० च्या सुमारास अमेरिकेत डेव्ह फोरमन या कार्यकर्त्याच्या वर्तुळात रूढ झाला. त्यामागचे शास्त्र मात्र जुने आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या परिस्थितिकीतज्ज्ञाने १९६३ पासून एका ठरावीक पट्ट्यातील तारामासे खडकावरून उपटून समुद्रात भिरकावून देण्याचा क्रम चालवला. तारामासा शिंपल्यांवर जगतो. तो हटताच शिंपल्यांनी खडक व्यापला आणि तेथील १५ प्रजातींपैकी ८ च उरल्या. एका भक्षकावर साऱ्या वसाहतीचा तोल कसा अवलंबून असतो, हे त्या ओल्या खडकावर दिसले. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन या परिस्थितिकीतज्ज्ञांनी मांडलेल्या द्वीप-सिद्धांताने दुसरी बाजू पुढे आणली : क्षेत्र जितके लहान आणि एकाकी, तितक्या तेथे टिकणाऱ्या प्रजाती कमी. मायकेल सूले आणि रीड नॉस या संवर्धन-जीवशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हे दोन्ही धागे एकत्र गुंफले. विस्तीर्ण गाभा क्षेत्रे, त्यांना जोडणारे संचारमार्ग आणि मोठे मांसभक्षी प्राणी या तिन्ही गोष्टी त्यांनी आवश्यक मानल्या.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तोवर लांडगे परतले होते. १९२० च्या दशकात तेथून समूळ मारले गेलेले लांडगे १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणून सोडण्यात आले. ते एकूण ३१ होते. पुढे एल्क हरणांची संख्या घटली आणि काही ठिकाणी विलो व अ‍ॅस्पेनची झाडे पुन्हा वाढू लागली. ही कथा अनेकदा फारच सुबकपणे सांगितली जाते. एल्क कमी होण्यात अस्वले, प्यूमा आणि उद्यानाबाहेरची शिकार यांचाही वाटा होता. शिवाय बीव्हर या ओढ्यांवर बांध घालणाऱ्या कृंतक प्राण्यांचे बांध गेल्यामुळे जेथे ओढ्यांची पात्रे खोल गेली होती, तेथे लांडगे येऊनही विलो पूर्ववत झाले नाहीत.

युरोपात या कल्पनेचे केंद्र भक्षकांकडून तृणभक्षींकडे सरकले. नेदरलँड्समध्ये १९६८ मध्ये समुद्राखालून काढलेल्या जमिनीचा एक सखल भाग पडून राहिला आणि त्याची दलदल झाली. तेथे उतरणारे राखी हंस लव्हाळी खाऊन पाणी मोकळे ठेवतात, हे पाहून फ्रान्स वेरा या डच परिस्थितिकीतज्ज्ञाने असे मांडले की प्राचीन युरोप घनदाट जंगलाचा नसून चरणाऱ्या कळपांनी मोकळा राखलेला होता. जुन्या थरांत साचलेल्या परागकणांवरून प्राचीन वनस्पती ओळखणाऱ्या अभ्यासकांनी यावर गंभीर आक्षेप घेतले. पण प्रयोग सुरू झाला होता. १६२७ मध्ये नामशेष झालेल्या ऑरॉक्स या रानटी बैलाची जागा घेण्यासाठी या दलदलीत, म्हणजे ओस्तव्हार्डर्सप्लासेन येथे, १९८३ मध्ये ऑरॉक्ससारखी दिसावीत म्हणून पैदास केलेली हेक गुरे सोडण्यात आली, पुढच्या वर्षी कोनिक जातीचे घोडे आणि १९९२ मध्ये तांबडी हरणे.

सुमारे ५,६०० हेक्टरच्या या क्षेत्राला कुंपण होते. कळप वाढत गेले. त्यांना आवरणारे भक्षक नव्हते आणि थंडीत निघून जाण्यासाठी वाटही नव्हती, कारण दुसऱ्या वनक्षेत्राशी जोडणाऱ्या मार्गाची योजना रद्द झाली होती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात ३,००० हून अधिक प्राणी मेले. त्यांपैकी बहुतेक उपासमारीने मरण्याआधीच व्यवस्थापनाने गोळ्या घालून मारले होते. संतप्त लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत टाकत होते. सूले-नॉस यांच्या तीन अटींपैकी दोन येथे सरळ गाळल्या गेल्या होत्या. त्यामुळे दोष तत्त्वाचा की अर्धवट अंमलबजावणीचा, या वादात मला दुसरी बाजू अधिक पटते.

इंग्लंडमधील नेप या सुमारे १,४०० हेक्टरच्या मालमत्तेत चिकणमातीवरची तोट्यातील शेती २००१ पासून टप्प्याटप्प्याने सोडून देण्यात आली. तेथे गुरे, घोडे, डुकरे आणि हरणे मोकळी फिरतात, काटेरी झुडपे माजली आहेत आणि २०२० मध्ये पांढऱ्या करकोच्यांची पिल्ले घरट्यातून उडाली. कुंपण येथेही आहे आणि लांडगे येथेही नाहीत. म्हणून दरवर्षी जास्तीची जनावरे माणसेच काढून घेतात आणि त्यांचे मांस विकले जाते.