गावतळ्यातलं केंदाळ काढायचंय? अर्ज कुणाकडे, कसा आणि सोबत काय जोडायचं

केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, काढून द्या म्हणून केलेला अर्ज बऱ्याचदा भलत्याच कचेरीत पडून राहतो. त्यामुळे तळं कुणाच्या ताब्यात आहे हे आधी शोधायचं. नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या होबळी पातळीवरच्या कचेरीत, जाऊन तळ्याच्या सर्वे नंबरचा उतारा काढा. कर्नाटकात ज्या तळ्याखाली ४० ते २००० हेक्टर जमीन भिजते ते लघु पाटबंधारे खात्याकडे असतं, त्याहून लहान तळी पंचायतीकडे. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकलसारख्या धरणाचा कारभार कर्नाटक नीरावरी निगम या सरकारी पाटबंधारे महामंडळाकडे आहे. खानापूर भागात तळं जंगलाच्या हद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय काठावर जेसीबी उतरवू नका.

अर्ज गावातला कुणीही रहिवासी करू शकतो. पण एकट्याच्या सहीपेक्षा वॉर्ड सभेत विषय मांडून ग्रामसभेचा ठराव घेतलेला कधीही बरा. ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बोलायचा हक्क आहे, आणि ठराव झाला की पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) ते काम आराखड्यात धरायला आधार मिळतो.

आता कागद. सर्वे नंबरचा उतारा, ठरावाची प्रत, अर्जदारांच्या सह्या-पत्ते आणि आधारची झेरॉक्स जोडा. तारखेसह फोटोही हवेत: एक पूर्ण तळ्याचा आणि एक गटाराचं पाणी जिथं तळ्यात शिरतं त्या जागेचा. हा दुसरा फोटो मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. तळ्यात मासेमारीचा ठेका दिलेला असेल तर ठेकेदाराचं किंवा सोसायटीचं संमतीपत्रही घ्या, नाहीतर काम सुरू झाल्यावर जाळ्यांवरून भांडण ठरलेलं.

भाषेचं म्हणाल तर राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिलेला आहे, म्हणून मराठी अर्ज बेलाशक द्या. मात्र फाईलवरची टिपणी कन्नडमध्ये चालते. एक पानी कन्नड प्रत सोबत लावली की फाईल लवकर हलते, हा माझा अनुभव. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

अर्जात नेमकं काय मागायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आमच्या गावी दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात यंत्र लावून तळं साफ केलं. काढलेला ढीग काठावरच टाकला. पहिल्या वळवाने त्यातलं निम्मं परत पाण्यात ढकललं आणि दिवाळीपर्यंत तळं पुन्हा हिरवंगार. एक झाड उपटून हातात घ्या. फुगलेला देठ दाबला तर आत नुसता स्पंज, खाली काळ्या केसांसारखी मुळं, आणि बाजूने निघालेल्या दांडीवर नवं पिल्लू बसलेलं. तेवढा तुकडा पाण्यात राहिला तरी पुरे. गटाराच्या पाण्यावर त्याचं एकाचे दोन व्हायला पंधरवडाही लागत नाही, आणि गाळात पडलेलं बी कैक वर्षं जिवंत राहतं.

म्हणून ‘तळं साफ करून द्या’ एवढ्यावर थांबू नका. गटाराचं तोंड वळवणं, काढलेलं केंदाळ काठापासून लांब खड्ड्यात कुजवणं आणि पुढची दोन वर्षं दर महिन्याला उरलेली झाडं हाताने वेचणं, या तिन्ही गोष्टी अर्जात लिहा. तणनाशक फवारू नका हेही लिहा, कारण त्याच पाण्यावर जनावरं येतात. काम फेब्रुवारी ते मे या काळात, पाणी उतरल्यावर मागा. निघालेला गाळ दुसऱ्या तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या शेतात टाकू देऊ नका. जेसीबीचं बकेट, ट्रॉली, होडी, जाळी आणि पंपाचा फुटवॉल्व्ह धुऊन, वाळवूनच दुसऱ्या पाण्यावर न्यायचे.

माशांचंही तेच. घरच्या काचपेटीतले मासे तळ्यात सोडू नका. ठेकेदार आफ्रिकन मांगूर सोडत असेल तर मत्स्य खात्याकडे लेखी तक्रार द्या. त्याच्या पालनावर बंदी आहे. हा मासा आपले देशी मासे फस्त करतो आणि पुरात तळ्याबाहेर पडून नदी गाठतो.

नदीची गोष्ट वेगळी. पंचगंगेतलं केंदाळ नरसोबावाडीच्या संगमावरून कृष्णेत येतं आणि खाली आपल्या चिकोडी, रायबाग भागात उतरतं. तिथं एका ग्राम पंचायतीचं काही चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, काठच्या सगळ्या गावांचे ठराव एकत्र जोडा. सांडपाणी सोडणारा कारखाना किंवा नाला दिसत असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्रत पाठवा.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर १९०२ या जनस्पंदन हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर माहिती अधिकारात ‘अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली’ एवढंच विचारा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे गटाराचा आणि केंदाळाचा अर्ज वेगवेगळा टाका.