नवतप्याचं ऊन आणि पंचवीस वर्षांचा करार

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपुरातले रस्ते दुपारी ओस पडतात. पारा 45 च्या आसपास असतो. अशा वेळी गच्चीवरचं सोलर पॅनल सर्वात जास्त वीज देत असेल, असं वाटतं. पण पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. सिलिकॉनचं पॅनल 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे त्याचं उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटतं. मे महिन्यात पॅनल सहज 65 अंशांवर जातं, म्हणजे 12 ते 16 टक्के वीज तिथेच गेली.

तरी सौरविजेचा भाव ठरवण्यात उन्हापेक्षा व्याजदराचा हात मोठा आहे. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांना रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर प्रकल्पात इंधनाचा खर्च शून्य, पण जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच वर्षी ओतावा लागतो. समजा, 1 मेगावॉटचा प्रकल्प 4 कोटींत उभा राहिला आणि वर्षाला 16 लाख युनिट देतो. हे पैसे 12 टक्के व्याजाने 25 वर्षांत फेडायचे तर युनिटमागे सुमारे 3 रुपये 20 पैसे लागतात. व्याज 8 टक्के असेल तर 2 रुपये 34 पैसे. पॅनल तेच, ऊनही तेच!

मग बँक व्याज कमी कधी लावते? 25 वर्षं वीज कोण घेणार आणि पैसे वेळेवर कोण देणार, याची खात्री असेल तेव्हा. खाजगी गुंतवणूक ओढणाऱ्या सरकारी धोरणाचं खरं काम हेच आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने युनिटला 17.91 रुपये दर काढला होता. सरकारने तो तसाच न देता लिलाव लावला: जो सर्वात कमी दर मागेल, त्याला करार. त्याच वर्षी बोली 10.95 रुपयांपर्यंत उतरली. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडलाला ती 2.44 रुपयांवर आली. पॅनल स्वस्त झालं हे मोठं कारण होतंच, पण सोलर पार्कमुळे जमीन आणि वीजवाहिनीची गुंतवणूकदाराची चिंताही मिटली होती.

उलट उदाहरण आंध्र प्रदेशचं. तिथल्या सरकारने 2019 मध्ये आधी झालेले वीजखरेदीचे करार पुन्हा उघडायचं ठरवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2022 मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. मधल्या तीन वर्षांची धाकधूक पुढच्या बोलीदाराच्या हिशेबात शिरतेच, आणि शेवटी आपल्या वीजबिलात उतरते. म्हणून झालेला करार मोडणं मला अनुदान बंद करण्यापेक्षाही घातक वाटतं.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत विजेच्या उपकेंद्राजवळच्या जमिनीवर खाजगी कंपन्या प्रकल्प उभारतात आणि ती वीज शेतीपंपांना दिवसा मिळते. खाजगी जमीन असेल तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं ठरलेलं आहे. काटोल-कळमेश्वरच्या संत्रा बागायतदारासाठी यात सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे पाण्यासाठी मध्यरात्री, सापकिरड्यातून बॅटरी घेऊन शेतात जाणं सुटतं.

शहराची गरज मात्र वेगळी. नवतप्यात कूलर रात्रभर चालतात आणि सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे आता नव्या निविदांमध्ये वीज साठवणाऱ्या बॅटरीची अटही येऊ लागली आहे. तिचा खर्चही पहिल्याच वर्षी करावा लागतो, म्हणजे इथेही हिशेब व्याजदरापाशीच येतो.